टोपीतला हात आणि जगदाळे सर

संपादकांनी मला शब्दांच्या शोधाविषयी लिहायला सांगितलं आहे. लिहिते. पण सत्तरच्या दशकातली कराडची माझी वर्षं आठवायला बसले की शब्दांच्या आधी जगदाळे सर डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि ते उभे राहिले की अजूनही माझ्या पोटात दुखतं. त्यामुळे हा लेख शब्दांबद्दल थोडा आणि जगदाळे सरांबद्दल जास्त होणार आहे. संपादकांनी हवं तर कात्री लावावी.

मी मूळची वाईची. कराडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. शिकवणं हा पोटाचा उद्योग, आणि खरा जीव अडकलेला इंग्रजी शब्दांच्या कुळांत. सांगलीहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मी दर आठवड्याला एका इंग्रजी शब्दाचं मूळ सांगणारं सदर लिहायची. त्यासाठी घरात चपलांच्या रिकाम्या खोक्यांमधून टिपणांच्या चिठ्ठ्या भरलेल्या असत. एका शब्दाला एक चिठ्ठी. आई वाईहून आली की म्हणायची, "एवढी खोकी आणि चपला मात्र एकच जोड."

शब्दाचं मूळ शोधतात म्हणजे नक्की काय करतात, असं लोक विचारतात. फार गूढ काही नाही. तो शब्द लिहिलेला सर्वांत जुना कागद कुठला, हे आधी पाहायचं. तिथे त्याचा अर्थ काय होता ते टिपायचं. मग एकेक पायरी खाली उतरत आजच्या अर्थापर्यंत यायचं आणि मधली एकही पायरी गाळायची नाही. जोडशब्द असला तर जास्तच सांभाळायचं. त्याचे दोन्ही तुकडे ओळखीचे असतात, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, हा तर आपल्याला कळला. मग दोन तुकड्यांच्या मधली जागा माणसं आपल्या मनाने भरतात, आणि भरताना हटकून एक छान गोष्ट रचतात. आमच्या कामात गोष्ट जितकी छान तितका संशय जास्त घ्यायचा असतो.

एक नमुना सांगते. ब्लॅकमेल. यातल्या ‘मेल’चा टपालाशी काही संबंध नाही. स्कॉटलंडकडे जुन्या काळी खंडणीला, भाड्याला ‘मेल’ म्हणत. सरहद्दीवरचे पुंड शेतकऱ्यांकडून गुरं नाहीतर धान्य घ्यायचे आणि त्या बदल्यात त्यांना लुटायचे नाहीत, दुसऱ्यांनाही लुटू द्यायचे नाहीत. ती ही काळी खंडणी. हे लिहिताना मी सहज एक वाक्य घातलं की आपल्याकडच्या चौथाईशी याचं थोडं साम्य दिसतं. पुढच्या रविवारी साताऱ्याहून एक निवृत्त गृहस्थ एसटीने, छत्री घेऊन, माझ्या दारात हजर.

"चौथाईला ब्लॅकमेल म्हणणाऱ्या बाई तुम्हीच का?"

मी त्यांना बसवलं, चहा दिला, चिठ्ठ्या दाखवल्या. चहा घेतला त्यांनी, पण चिठ्ठ्यांना हात लावला नाही. जाताना म्हणाले, "वाईची माणसं असं लिहायला लागली तर मग बोलायलाच नको." त्या आठवड्यात संपादकांनी माझ्या सदराखाली दिलगिरी छापली, मला न विचारता.

महिनाभराने कॉलेजच्या स्नेहसंमेलनात जगदाळे सर हीच गोष्ट बोलले. माझ्याच सदरातली, हे त्यांनी सांगितलंही. तोच पुंड, तीच खंडणी, तीच चौथाई. फक्त त्यांच्या तोंडून ती अशी निघाली की पहिल्या रांगेतले पाहुणे ताठ होऊन बसले आणि मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. साताऱ्याचे ते छत्रीवाले गृहस्थही आले होते. त्यांनी उठून सरांचा हात हातात घेतला. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते.

जगदाळे सर माझ्याच विभागात, मला कनिष्ठ. खरसुंडीच्या बाजूच्या एका गावचे, शेतकऱ्याच्या घरातले, थोरला भाऊ फौजेत. एम.ए.ला माझ्यापेक्षा कमी गुण. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या काळात मी दिवसातून एकदा तरी ते मनाशी म्हणत असे. उंच, खणखणीत आवाजाचा, गावाकडच्या बोलीतून इंग्रजी नाटक शिकवणारा माणूस. त्यांच्या तासाला दुसऱ्या वर्गांतली मुलं खिडक्यांत उभी राहायची. माझ्या तासाला खिडक्या उघड्या असायच्या, एवढंच. शिवाय माणूस वाईट असता तर जरा सोपं गेलं असतं. तसाही नव्हता. मला भेटले की "बाई, या आठवड्याचं वाचलं बरं का, फार आवडलं" असं म्हणायचे, आणि ते खरं असायचं. मला त्याचाही राग यायचा.

तर त्या वर्षीची व्याख्यानमाला. शहरातल्या एका मोठ्या पटांगणात मांडव, सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एक वक्ता. पहिलं व्याख्यान सरांचं होतं, विषय ‘शब्द आणि समाज’. विषय माझा आणि वक्ते ते, हे मला पत्रिका पाहूनच झोंबलं होतं. तरी गेले. बायकांच्या बाजूला मागे बसले.

पुढच्या रांगेत आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला सर्जेराव होता. पाटणच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावचा. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता, पुण्याहून लाकडी पाय बसवून आणला होता. ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम तो हंगामी म्हणून करत होता. नुकतीच त्या जागेवर कायम नेमणूक निघाली होती, अपंगांसाठी राखीव. अर्जाला डॉक्टरांचा, ‘हँडिकॅप्ड’ असं लिहिलेला दाखला जोडायचा की काम झालं, असं प्राचार्य त्याला म्हणाले होते. जखमी जवान म्हणून संयोजकांनी त्याला मानाने पुढे बसवलं होतं आणि तो फौजेतली पदकं लावून, काळी गोल टोपी घालून आला होता.

व्याख्यानाच्या शेवटी सर ‘हँडिकॅप’ या शब्दाकडे आले. हँड म्हणजे हात, कॅप म्हणजे टोपी. फार जुन्या काळी इंग्लंडात लढाई संपली, हातपाय गमावलेले सैनिक परत आले. त्यांना पोसायला राजाकडे पैसा नव्हता. मग राजाने त्यांना रस्त्यावर टोपी हातात धरून उभं राहायची परवानगी दिली. हातात टोपी, म्हणून हँडिकॅप. "ज्यांनी देशासाठी पाय दिला, त्यांच्या हातात आपण टोपी देणार आहोत का?" असं विचारून सर थांबले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि सगळा मांडव सर्जेरावाकडे बघायला लागला.

मला काय वाटलं ते सांगते. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ही गोष्ट खोटी आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. फार छान होती ना ती. जगदाळे सर चुकले होते, तेही भर मांडवात, आणि चुकलेलं ओळखणारी सगळ्या कराडात मी एकटी होते. घरी जाताना मी गुणगुणत होते, असं बरोबर चालणाऱ्या शेजारीणबाईंनी मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सांगली गाठली. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी शब्दांचा इतिहास सांगणारा मोठा कोश होता. त्याच्या कपाटाची किल्ली ग्रंथपाल कमरेला लावून जेवायला गेलेले. बसले वाट बघत. ते आल्यावर खंड काढला आणि दुपारपर्यंत शब्दाचं सगळं कूळ चिठ्ठीवर उतरवून घेतलं.

खरी हकिगत अशी. सतराव्या शतकात इंग्लंडात अदलाबदलीचा एक खेळ होता. समजा, तुम्हाला माझी गाय हवी आहे आणि मला तुमचा घोडा. दोघांची किंमत सारखी नाही. मग तिसरा माणूस पंच बसवायचा आणि वर किती द्यायचं ते त्याने सांगायचं. तिघांनी टोपीत थोडे पैसे टाकायचे. पंचाने आकडा सांगितला की आपण दोघांनी टोपीत हात घालायचा आणि एकाच वेळी बाहेर काढायचा. हात उघडा की मिटलेला यावरून सौदा मान्य की नाही ते कळायचं. टोपी मध्ये असल्यामुळे एकाच्या मनातलं दुसऱ्याला आधी कळत नसे. टोपीतला हात, तोच हँडिकॅप. पुढे हा पंच घोड्यांच्या शर्यतीत आला. दोन घोडे तोडीस तोड नसतील तर सरस घोड्याच्या पाठीवर किती जादा वजन घालायचं ते तो ठरवू लागला. त्या वजनाला हे नाव पडलं. मग कुठल्याही अडथळ्याला, आणि अगदी आपल्या शतकात अपंगत्वाला. राजा, सैनिक, भीक यांचा त्यात मागमूस नाही.

परतीच्या एसटीत मी सदर लिहून काढलं. सरांचं नाव न घेता, पण कुणाबद्दल आहे हे कळेल असं. संपादकांनी लगेच छापलं. कराडात ते साप्ताहिक किती जण वाचत होते, हे मला तेव्हा कळलं. कुणी काही बोललंच नाही.

अंक आला त्या गुरुवारी दुपारी सर्जेरावाची बायको कॉलेजात माझ्याकडे आली. ती ऊसतोडीला जायची, हात काळे झालेले.

"आवं बाई, ह्यास्नी तुमीच सांगा की. डाक्टरचा कागूद ट्रंकंत टाकून बसल्यात. आर्जच द्याचा न्हाई म्हंत्यात. शनवारी मुदत संपतीया."

"का देत नाहीत?"

"म्हंत्यात, भिकाऱ्याच्या कागदावर नोकरी नगं. त्या दिशी भाषान संपल्यावर एका व्यापाऱ्यानं ह्यांच्या हातात नोट कोंबली बाई. चारचौघांत. ह्यांनी ती टोपी काढली ती आजून डोक्याला लावली न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. मी आनंदात गुणगुणत घरी चालले होते तेव्हा मांडवात हे घडत होतं. मी ताबडतोब साप्ताहिकाचा अंक घेतला आणि ग्रंथालयात गेले. सर्जेराव पुस्तकांवरची धूळ झटकत होता. त्याच्या पुढ्यात अंक ठेवला. त्याने उभ्याउभ्याच, बोट ठेवून, सगळं वाचलं.

"बाई, ह्यात घोड्याचं लिवलंय."

"तेच खरं आहे, सर्जेराव. भिकेचा काही संबंध नाही. सरांचं चुकलंय."

त्याने अंकाची नीट घडी करून माझ्या हातात परत दिली.

"राग येऊ देऊ नगा बाई. पर तुमचं आन् सरांचं पटत न्हाई, ह्ये समद्या कॉलेजाला ठावं हाय. तुमी त्यांचं खोटं पाडायला लिवणारच की."

मी चिठ्ठी काढली. कोशातली जुनी वाक्यं होती ती. तो इंग्रजी अक्षरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर म्हणले तवा माझ्या काळजाला लागलं. खोटं आसतं तर येवढं लागलं आसतं व्हय?"

मी चिठ्ठी परत अंकात घातली. त्याला पटवू शकणारा कराडात एकच माणूस होता, आणि त्याच्या दारात मला जायचं होतं. त्या दिवशी स्टाफरूमपर्यंतचा जिना मी जसा चढले तसा कधी चढले नाही. गुरुवार उलटून चालला होता.

जगदाळे सर एकटेच पेपर तपासत बसले होते. मी चिठ्ठी, अंक, सगळं त्यांच्यापुढे टाकलं आणि व्यापाऱ्याची, नोटेची आणि ट्रंकेतल्या दाखल्याची हकिगत सांगितली. वाटलं होतं, वाद घालतील. कुठल्या तरी पुस्तकाचं नाव घेतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

त्यांनी सगळं वाचलं. चेहरा उतरला. "चुकलो," म्हणाले. "कुणाच्या तरी भाषणात ऐकलं होतं, तपासलं नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं."

इतकं सहज. मला एक चूक कबूल करायला दोन वर्षं लागतात, आणि यांनी एका वाक्यात कबूल केली आणि उलट मलाच मोठेपणा देऊन मोकळे झाले. मला त्यांचा हेवा वाटला तो त्या क्षणी सर्वांत जास्त.

मग ते चिठ्ठीवरची खेळाची माहिती परत वाचू लागले, आणि एकदम हसले.

"अहो बाई, हे तर आमच्या खरसुंडीच्या बाजारातलं आहे."

"काय?"

"बैलांचा सौदा. तुम्ही कधी गुरांच्या बाजारात गेला नाहीत?"

वाईतल्या मुलीला गुरांच्या बाजारात कोण नेणार? माझा हात धरून दाखवता येईना, म्हणून त्यांनी स्वतःच्याच एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं धरली आणि त्यावर वर्तमानपत्र टाकलं. बाजारात दलाल आणि शेतकरी एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकतात. तोंडाने काही बोलायचं नाही. बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच नाही म्हणायचं. भोवती दहा माणसं उभी असतात, पण आत काय चाललंय ते त्या दोघांनाच कळतं. सर लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला जात तेव्हा तासन् तास हे बघत बसायचे.

मी वर्तमानपत्राकडे पाहत होते. सांगलीला जाऊन, किल्लीची वाट पाहून, कोशातून मी जे काढून आणलं होतं, त्याचं सख्खं भावंड या माणसाने लहानपणीच पाहिलेलं होतं. माझ्या सदरात ते आलं नव्हतं. येणारही नव्हतं.

"मी सर्जेरावाला सांगतो," ते म्हणाले. "पण एकट्याला सांगून भागायचं नाही. चारचौघांत बोललो, चारचौघांतच फिरवलं पाहिजे."

शुक्रवारी व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस होता. मुख्य वक्त्याच्या आधी सरांनी संयोजकांकडून थोडा वेळ मागून घेतला. सर्जेरावाला बायको आणि ते स्वतः असे दोघं मिळून घेऊन आले. तो टोपीशिवाय, मान खाली घालून बसला होता. सर उभे राहिले आणि सर्वांत आधी म्हणाले, "सोमवारी मी इथं एक खोटी गोष्ट सांगितली. ती खोटी आहे हे मला आपल्या सोमण बाईंनी दाखवून दिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, तर सरांच्या मोठ्या मनासाठी. सोमण बाई म्हणजे मी. माझ्याकडे वळून पाहायचं कुणाला सुचलं नाही.

मग त्यांनी सर्जेरावाला व्यासपीठावर बोलावलं, त्याचा हात धरला आणि खांद्यावरचा टॉवेल वर टाकला.

"बोला पाव्हणं, बैल कितीला देणार?"

सर्जेराव गोंधळला. मग फौजेत जाण्याआधीचा शेतकरी त्याच्यात जागा झाला असावा. टॉवेल हलला.

"लय झालं," सर म्हणाले. "बैल हाय का हत्ती?"

मांडव हसला. टॉवेल परत हलला. सर्जेरावही हसला, आठवड्यात पहिल्यांदा. मग सरांनी टॉवेल काढला आणि सांगायला सुरुवात केली. इकडे रुमाल तशी तिकडे टोपी. सौदा, पंच, टोपीतले हात. आणि मग घोडे.

"दोन घोडी शर्यतीला उभी हाईत. एक लय पळतंय, एक जरा कमी. पंच म्हणतो, शर्यत बरोबरीची करायची तर एकाच्या पाठीवर वजन घाला. त्या वजनाला म्हणत्यात हँडिकॅप. आता मंडळी, तुमी गुरंढोरं पाळलेली माणसं. सांगा मला, वजन कुणावर घालणार? मागं पडतंय त्याच्यावर, का पुढं पळतंय त्याच्यावर?"

"पळतंय त्याच्यावर," मागून आवाज आला.

"मग ह्या गड्याच्या दाखल्यावर डॉक्टरनं काय लिवलंय?"

मग जो टाळ्यांचा गजर झाला तो थांबेना. सर्जेराव व्यासपीठावर सावधान उभा राहिला होता, लाकडी पाय नीट जुळवून.

मी मागे बसून मनातल्या मनात दुरुस्त्या करत होते. घोड्याच्या वजनापासून सर्जेरावाच्या दाखल्यापर्यंत शब्दाचा बराच प्रवास झाला होता, मधल्या पायऱ्या सरांनी बिनदिक्कत गाळल्या होत्या. डॉक्टरांनी दाखला लिहिला तेव्हा त्यांच्या डोक्यात कुठलाही घोडा नव्हता. मी बोलले असते तर एकही पायरी सोडली नसती, आणि शनिवारची मुदत टळून गेली असती. हे मला कळत होतं. कळूनही जळफळाट कमी होत नव्हता. ते मूळ मी शोधलं होतं. कोश मी उघडला होता. शिवाय सर खोटं बोलले नव्हते, माझं नावही घेतलं होतं, त्यामुळे तक्रार करायलासुद्धा जागा नव्हती. आजही कराडकडचं कुणी भेटलं तर मला ‘जगदाळे सरांची टोपीची गोष्ट’ ऐकवतं, आणि मी ती पहिल्यांदाच ऐकते आहे असं तोंड करून ऐकते.

शनिवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी सर्जेराव अर्ज आणि दाखला घेऊन दारात उभा होता. काळी टोपी डोक्यावर होती.

नेमणुकीचा कागद हातात पडला त्या दिवशी तो साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला. आधी जगदाळे सरांच्या पाया पडला. ते "अरे, अरे" करत मागे सरले आणि माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "त्या बाईंच्या पड. सगळं त्यांनी शोधलंय." सर्जेराव माझ्याकडे आला. वाकला नाही, पण पुडा पुढे केला आणि मी पेढा घेईपर्यंत अदबीने थांबला. मग सरांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, माझ्याविषयी खरी काळजी वाटून म्हणाला,

"बाई, येक सांगू का? मनात काय धरू नगा. तुमीबी सरांची भाषणं ऐकत जावा. लय शिकाया मिळतं."

मी पेढा तोंडात टाकला आणि "बरं" म्हटलं.